जर्मनीचं नर्सिंग पॅकेज: भाषेला पाच तारे, ‘स्किल मॅपिंग’ला भोपळा

गेल्या महिन्याभरात मिरजेहून तीन ज्युनिअर पोरींचे मेसेज आले. तिघींचा प्रश्न एकच: “ताई, तुम्ही ज्या इन्स्टिट्यूटमधनं गेलात तिथं पैसे भरू का?” नाइट संपवून घरी आल्यावर एकीला अकरा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. दुसरीला तीच पुढे ढकलली, तर ती म्हणे, “ताई, लिहूनच द्या ना, मला बाबांना दाखवायचंय.” म्हणून हे. बाबांनो, तुम्हीपण वाचा.

इन्स्टिट्यूटचं नाव लिहीत नाही. माझ्याबरोबरच्या दोघींनी वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेली पॅकेजंही जवळपास हीच होती, त्यामुळे नावापेक्षा पॅकेजच्या पोटात काय असतं ते कामाचं.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठल्या चष्म्यातून बघतेय ते कळेल. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा केलेली. मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात सहा वर्षं, त्यातली चार मेडिकल वॉर्डात आणि दोन आयसीयूत. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीला आले. उल्मजवळच्या एका हॉस्पिटलात वृद्धरुग्णांच्या वॉर्डात आहे. गेल्या वर्षी परीक्षा पास होऊन रीतसर नर्स झाले. ‘झाले’ म्हणते, कारण त्याआधीचे दहा महिने मी इथल्या कागदोपत्री नर्स नव्हतेच, मदतनीस होते. पॅकेज विकताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण ते पुढे येईलच.

पॅकेज २ लाख ६५ हजारांचं होतं, तीन हप्त्यांत. त्यात ए-वन या पहिल्या पायरीपासून बी-टू या चौथ्या पायरीपर्यंत जर्मन भाषा, ‘स्किल मॅपिंग’ (आपल्याला कामातलं काय येतं याची तपासणी), कागदपत्रं, इंटरव्ह्यूची तयारी आणि व्हिसाची फाइल. शेवटचा ८० हजारांचा हप्ता ‘ऑफर लेटर आल्यावर’.

भाषा

क्लास सांगलीत विश्रामबागला, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. आम्ही चौदा जण, त्यातल्या नऊ नर्स. सकाळची ड्युटी करून मिरजेहून बसने यायचं, जिन्यातच वडापाव खायचा आणि वर जाऊन आर्टिकल घोकायचे. मॅडम स्वतः चार वर्षं म्युनिकला राहून आलेल्या. पुस्तक संपवायची त्यांना घाई नव्हती. त्यावरून ऑफिसात कुरबुर चालायची, कारण बॅच वेळेत संपली नाही तर पुढची अडते.

मॅडमची एक खोड होती. हजेरी घेताना ‘हजर’ म्हणून चालायचं नाही. प्रत्येक नर्सने आपल्या कालच्या ड्युटीतल्या एका पेशंटची जर्मनमध्ये ओव्हर द्यायची, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगतो ती माहिती. खाट नंबर चार, वय अमुक, रात्री झोप लागली नाही, दोनदा उलटी, नातेवाईक घाबरलेत. सुरुवातीला आम्ही खाटेचा नंबर आणि वय एवढ्यावरच थांबायचो. सहा महिन्यांनी एकमेकींना मध्येच प्रश्न विचारायला लागलो: उलटीचा रंग कसा होता, डॉक्टरांना कळवलं का, किती वाजता? हे अभ्यासक्रमात कुठे नव्हतं. मी एकदा विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, “अगं, तिथं सकाळी सहा वाजता तू पहिल्यांदा काय बोलणार आहेस? ‘माझा छंद वाचन आहे’ बोलणार आहेस का?”

या सगळ्या प्रवासात ‘तिथं तू दिवसभर नक्की काय करणार आहेस’ हा प्रश्न मला विचारणारं एकच माणूस भेटलं, ते हे. बाकी सगळ्यांनी मला काय येतं तेच विचारलं.

बी-टूची परीक्षा पुण्याला मॅक्सम्युलर भवनात दिली. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात शंभरपैकी ६० पाहिजेत. ऐकण्यात मला ५७ पडले. चारही भाग परत द्यावे लागत नाहीत, राहिलेला एकच देता येतो, हे माहीत असू द्या, नाहीतर रडण्यात दोन दिवस जातात. दुसऱ्या वेळी निघाला. एक गोष्ट मात्र ऑफिसने लपवली म्हणा किंवा त्यांना ठाऊकच नसेल म्हणा: नर्सिंगसाठी खास ‘टेल्क बी-वन बी-टू फ्लेगे’ अशी वेगळी परीक्षा असते. त्यात जाहिरात, पर्यावरण आणि सोशल मीडियावर निबंध लिहिण्याऐवजी वॉर्डातली भाषा असते. आम्हाला ती निवडायची की नाही हे विचारण्यापुरतंसुद्धा कुणी तिचं नाव काढलं नाही.

आता गंमत ऐका. एवढं शिकून मी आले श्वाबेन भागात. पहिल्याच आठवड्यात ८४ वर्षांच्या एक आजी, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, मला म्हणाल्या, मला ‘टेपिश’ दे. टेपिश म्हणजे गालिचा, हे मी ए-वनच्या ‘माझं घर’ धड्यात शिकलेले. वॉर्डात गालिचा कुठून आणू? मी नम्रपणे सांगितलं, हॉस्पिटलमध्ये गालिचा नसतो. आजी थंडीने कुडकुडतायत आणि मी त्यांना जंतुसंसर्गावर ज्ञान देतेय. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना हसू आवरेना. या भागात टेपिश म्हणजे पांघरूण.

पुढच्या आठवड्यात त्याच आजी म्हणाल्या, ‘फूस’ दुखतोय. फूस म्हणजे पाऊल. मी पाऊल बघितलं, घोटा बघितला, सूज नाही, लाली नाही, तसं लिहूनही ठेवलं. श्वाबेनमधली जुनी माणसं कमरेपासून अंगठ्यापर्यंत सगळ्यालाच फूस म्हणतात. दुखत होती मांडी, ऑपरेशनच्या बाजूची. हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मला घाम फुटला. सीनिअर सिस्टर वेळेवर आली म्हणून निभावलं. तेव्हापासून मी दुखण्याची जागा तोंडी विचारतच नाही. म्हणते, हात लावून दाखवा.

तरी भाषेला पाचपैकी पाच. गालिच्याचा दोष मॅडमकडे जात नाही.

स्किल मॅपिंग

याच्यासाठीच मुळात लिहायला बसले.

ऑफिसात काचेच्या केबिनमध्ये एक कॉम्प्युटर. त्यावर इंग्रजीत साठ प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं, चारातला एक पर्याय निवडा. रक्त द्यायला कुठल्या गेजचा (जाडीचा) इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत घालायची नळी? अठरा, हिरवा. ५०० मिली सलाईन चार तासांत, २० थेंबांचा सेट, मिनिटाला किती थेंब? ४२. पेशंटची शुद्ध मोजायच्या ग्लासगो कोमा स्केलचे कमीत कमी गुण किती? तीन. आयसीयूत दोन वर्षं काढलेल्या बाईला हे झोपेत येतं. साठपैकी ५६ मिळाले. संध्याकाळी लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट हातात. त्यावर माझा फोटो, जर्मनीचा झेंडा आणि ‘रेडी फॉर जर्मनी’. आईने ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलं.

इथल्या वॉर्डात मी मदतनीस म्हणून रुजू झाले. हिरवा काय, गुलाबी काय, मला कुठल्याच इंट्राकॅथला हात लावायचा नव्हता. नर्स झाल्यावरही आमच्या वॉर्डात शीर शोधण्याचं काम बहुतेक वेळा डॉक्टरच करतात. मिरजेत कुणाची शीर सापडेना की आयसीयूतून मला बोलावून न्यायचे. इथं एक तरुण डॉक्टर एका आजोबांना तिसऱ्यांदा टोचत होता आणि मी शेजारी ट्रे धरून उभी. शीर मला दिसत होती. बोटं शिवशिवत होती. गप्प बसले.

मग दिवसभर करायचं काय? सकाळी सहाला ओव्हर, साडेसहाला पहिली अंघोळ. म्हणजे खाटेवर किंवा बेसिनपाशी अंग पुसणं, दात, कवळी, केस, कपडे. पेशंट उठवून खुर्चीत बसवणं. बेडपॅन. डायपर. नाश्ता भरवणं, किती मिली पाणी प्यायलं ते लिहिणं, दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं, पाठीची कातडी बघणं. खाटेवर पडून होणाऱ्या जखमांचा धोका मोजायला ब्रेडन स्केल. आम्ही तो परीक्षेपुरता पाठ केलेला, इथं तो रोज भरायचा.

यातलं निम्मं काम मिरजेत नातेवाईक करतात. राहिलेलं मावशी आणि वॉर्डबॉय. सिस्टरने बेडपॅन दिला तर पेशंटच कावराबावरा होतो. मला हे काम हलकं वाटत होतं असं नाही म्हणणार, वाटत होतंच. पण त्याहून मोठी अडचण ही की मला ते येतच नव्हतं. नव्वद किलोच्या माणसाला आपली कंबर न मोडता खाटेवरून खुर्चीत कसं आणायचं? मी बगलेत हात घालून ओढायला गेले, तर मला शिकवणाऱ्या सिस्टरने हात धरला. म्हणाली, आधी त्यांचे पाय जमिनीला टेकू दे, मग पुढे वाकव, वजन आपोआप पायावर येईल. आलं. सहा वर्षं नर्सिंग केलेल्या मला हे तिसाव्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या टेपिशवाल्या आजींचं अंग पुसायला घेतलं. मी आपली भराभर तोंड, मान, हात पुसून मोकळी होणार, तेवढ्यात तीच सिस्टर म्हणाली, “फडकं तिच्या हातात दे.” आजींनी स्वतः तोंड पुसायला चार मिनिटं घेतली. चार मिनिटं मी नुसती उभी! मिरजेत चार मिनिटांत मी दोन खाटा उरकल्या असत्या. आमच्याकडे चांगली सिस्टर म्हणजे पटापट करून देणारी. इथं करून देणं नाही, करू देणं. आजींना तीन आठवड्यांनी घरी एकटीने राहायचं होतं, सून-मुलगा कुणी सोबत नाही, तेव्हा तोंड त्यांचं त्यांनाच पुसता आलं पाहिजे. साठ प्रश्नांत यावर एक प्रश्न असता तर मी त्यात नापास झाले असते, आणि ते बरं झालं असतं.

आईला व्हिडिओ कॉलवर एकदा सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे तू तिकडं मावशीचं काम करतीस?” मी म्हटलं, आई, इथं मावशी नसतातच, हे नर्सचंच काम आहे. ती म्हणाली, “बरं, कुणाला सांगू नको.” तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी इथं लिहितेय, आता तिलाही कळेल.

गरज मोजतात, पण कुठे?

आमच्या हॉस्पिटलात परदेशी स्टाफचं बघणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना मी माझं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट दाखवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, हे कुणी मागितलं होतं? कुणीच नाही. मग त्यांनी मला जर्मनीत गरज कशी मोजतात ते दाखवलं.

इथली रोजगार संस्था दरवर्षी एकेका पेशाचा हिशोब मांडते. जागा किती दिवस रिकामी राहते, एका रिकाम्या जागेमागे बेकार किती, त्या पेशात बेकारीचं प्रमाण काय, बेकारांना काम किती लवकर मिळतं, पगार किती वाढले, त्यात परदेशी लोकांचा वाटा किती वाढला, अशा सहा कसोट्या. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. सरासरी दोन किंवा जास्त आली की तो टंचाईचा पेशा. रुग्णसेवा आणि वृद्धसेवा त्यात वेगवेगळ्या धरल्या जातात, आणि दोन्हींत टंचाई. शिवाय जर्मनीच्या सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी २०२४ मध्ये पुढचा अंदाज दिला: २०१९ मध्ये १६ लाख २० हजार नर्सिंग कर्मचारी होते, २०४९ पर्यंत साडेएकवीस लाख लागतील, आणि २ लाख ८० हजार ते ६ लाख ९० हजार कमी पडतील. २०२३ अखेर देशात जवळपास ५७ लाख माणसांना काळजीची गरज होती. घरात सून नाही, मुलगी दुसऱ्या गावात, आणि आजींना टेपिश हवाय.

म्हणजे इकडे मोजमाप नीट आहे. म्हाताऱ्यांसाठी माणसं हवीत, हे इकडच्या कागदावर स्वच्छ लिहिलंय. तोच कागद मध्यस्थाच्या मध्यस्थाकडून विश्रामबागच्या जिन्यापर्यंत येतो, तोवर त्याचं ‘जर्मनी, नर्सेस पाहिजेत, पगार तीन लाख’ एवढं पोस्टर झालेलं असतं. ‘वृद्धसेवा’ हा शब्द वाटेत गळतो. तो शब्द पोस्टरवर असता तर चौदातल्या काही जणी आल्या नसत्या. ज्या आल्या असत्या त्या माणूस खुर्चीत कसा बसवायचा ते शिकून आल्या असत्या. त्यासाठी एक खाट, एक खुर्ची आणि दोन शनिवार पुरतात.

सरकारी पातळीवर करार झालेत. भारत आणि जर्मनीचा डिसेंबर २०२२ चा. महाराष्ट्राचा बाडेन-व्युर्टेम्बर्गशी फेब्रुवारी २०२४ चा, म्हणजे मी जिथे आहे त्याच राज्याशी. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसे वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेऊ असं जाहीर केलं. चुलतभाऊ आयटीआय वायरमन आहे, तो मला दर आठवड्याला ही बातमी नव्याने पाठवतो. मी त्याला एवढंच विचारते, तिथला वायरमन दिवसभर काय करतो ते तुला कुणी सांगितलं का? मग तो दोन दिवस गप्प बसतो.

आणि मिरजेची गरज? आमच्या वॉर्डातून मी निघाले त्या वर्षी आणखी पाच जणी गेल्या, दोघी आखातात, एक आयर्लंडला, दोघी पुण्याला. रिकाम्या जागी नुकत्याच पास झालेल्या पोरी नाइटला लावल्या. आता मेसेज करणाऱ्या तिघींतली एक त्यातलीच, रात्री एकटी अडतीस खाटा बघते. इथं वृद्धरुग्णांच्या वॉर्डात दिवसा एका नर्समागे दहा आणि रात्री वीस पेशंटच्या वर जायचं नाही असा कायदा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांची गंभीर टंचाई असलेले ५७ देश सांगितले, त्यात भारत होता. जिथून कर्मचारी ओढून नेऊ नयेत अशा ५५ देशांच्या त्यांच्या २०२३ च्या यादीत भारत नाही, त्यामुळे भारतातून नर्सेस न्यायला त्या यादीची आडकाठी नाही. यादीतून नाव गेलं म्हणजे अडतीस खाटांना दुसरी सिस्टर मिळाली असं नाही. मी निघून आलेय, त्यामुळे यावर फार बोलायचा मला अधिकार नाही.

कागद

हा भाग पॅकेजमध्ये ‘आम्ही सगळं बघतो’ या नावाने विकला जातो. त्यांनी अर्धं बघितलं.

नर्सिंग हा जर्मनीत नियमनाखालचा पेशा आहे. म्हणजे इथल्या राज्याच्या कार्यालयाने तुमचं शिक्षण आपल्या बरोबरीचं मानलं तरच तुम्ही नर्स. ते तुमचा डिप्लोमा त्यांच्या अभ्यासक्रमाशी तासांच्या हिशोबाने ताडून बघतात. त्यांचं शिक्षणही तीन वर्षांचं, २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष काम. आपलं जीएनएमही तीन वर्षांचं. मग अडतं कुठे? माझ्याकडे गुणपत्रिका होत्या, तास नव्हते. कुठल्या विषयाला किती तास, कुठल्या वॉर्डात किती दिवस, हे कॉलेजच्या लेटरहेडवर पाहिजे. क्लार्क म्हणाले, असं कुणी मागत नाही. मी जुनी पोस्टिंगची रजिस्टरं स्वतः बसून उतरवून काढली, दोन महिने लागले. एका रजिस्टरमधल्या पाच महिन्यांच्या नोंदी उंदराने खाल्ल्या होत्या. इन्स्टिट्यूटकडे त्यांच्याच जुन्या मुलींनी केलेला नमुना फाइलमध्ये पडून होता, हे मला सगळं संपल्यावर कळलं.

एवढं करून आला तो ‘डेफित्सिट-बेशाइड’, सोप्या भाषेत तुटीचा कागद. तूट कशात? वृद्धसेवा, पुनर्वसन, घरी जाऊन करायची सेवा. बघा, म्हणजे इथल्या कार्यालयाने मिरज न बघता, नुसत्या तासांवरून, माझं नेमकं काय कमी आहे ते सांगितलं. हेच खरं स्किल मॅपिंग. आणि ते माझ्या लॅमिनेटच्या बरोबर उलटं निघालं. जीएनएममधला ‘एम’ म्हणजे मिडवाइफरी. माझ्या केसबुकात २० बाळंतपणं आहेत. त्या तासांनी तूट भरून निघाली नाही, कारण जर्मनीत सुईण, हेबामे, हा वेगळाच पेशा आहे. मागच्या वर्षी वॉर्डातल्या एका डॉक्टरीणबाईला हे सांगितलं तेव्हा तिने चक्क विचारलं, “तू बाळं जन्माला घातलीस, आणि आम्ही तुला बेडपॅन देतो?” मी म्हटलं, दोन्हीत हात धुवावेच लागतात.

तूट भरायचे दोन मार्ग: जुळवणीचा कोर्स नाहीतर ‘केन्टनिसप्र्युफुंग’ ही परीक्षा. मी परीक्षा घेतली. प्रत्यक्ष पेशंटची सेवा करून दाखवायची आणि तोंडी, ती पाऊण ते एक तासाची. तोंडी परीक्षेला घसा कोरडा पडला, पण मॅडमची ओव्हर कामाला आली. पास झाले.

परीक्षा होईपर्यंत पगार मदतनिसाचा. हा फरक पॅकेजवाले सांगत नाहीत. माझी बॅचमेट वृद्धाश्रमात आहे. तिथे जुलै २०२५ मध्ये किमान वेतन मदतनिसाला ताशी १६.१० युरो आणि रीतसर नर्सला २०.५० युरो होतं. ताशी ४.४० युरोचा फरक. तिची फाइल तास नसल्यामुळे सात महिने अडली. सात महिने गुणिले तिचे तास, आकडा तुम्हीच काढा. आम्ही दोघींनी एकदा काढला आणि मग चहा केला.

अपॉस्टिलचं, म्हणजे कागद खरा असल्याच्या परदेशासाठीच्या सरकारी शिक्क्याचं, तेवढं वेगळं सांगते. पॅकेजच्या बाहेर ‘जर्मनीसाठी आवश्यक’ म्हणून माझ्याकडून ९ हजार घेतले. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या करारात आहे खरा, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत घेतलेली आहे, त्यामुळे भारतीय कागदाचं अपॉस्टिल इथं लागू धरत नाहीत. माझ्या फाइलमध्ये ती चिकटवलेली पानं कुणी उलटूनही पाहिली नाहीत. पैसे देण्याआधी, तुमची फाइल ज्या कार्यालयात जाणार आहे त्यांची कागदांची यादी स्वतः वाचा.

फी

आल्यावर चौथ्या महिन्यात सहज बोलता बोलता कळलं की हॉस्पिटलने माझ्यासाठी मध्यस्थाला पैसे दिले होते. म्हणजे माझे ८० हजार कशाचे? मी फोन केला. उत्तर आलं, “ती भाषेची फी होती, मॅडम.” भाषेची फी ऑफर लेटरला कशी बांधलेली, विचारलं, तर नेटवर्क गेलं.

जर्मनीत २०२२ पासून नर्सेसच्या भरतीसाठी एक सरकारी गुणचिन्ह आहे, ‘फेअर आनव्हेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड’. त्याचा मुख्य नियमच असा की भरतीचा खर्च मालकाने करायचा, नर्सने नाही. तुमच्या इन्स्टिट्यूटला एवढंच विचारा: तुम्ही ज्या जर्मन एजन्सीबरोबर काम करता तिच्याकडे हे चिन्ह आहे का? पहिल्या हप्त्याआधी विचारा, तिसऱ्याआधी नको. आणि मूळ सर्टिफिकेटं ‘सुरक्षिततेसाठी’ ठेवून घेतो म्हणाले तर हसून झेरॉक्स द्या. मी तसंच केलं. दुकान खालीच होतं.

तारे द्यायचे तर भाषेला पाच. इंटरव्ह्यूच्या तयारीला चार, दोन सराव मुलाखती खऱ्याच चांगल्या घेतल्या. व्हिसाच्या फाइलला चार, एकही कागद परत आला नाही. कागदपत्रांना दोन. फीला एक. स्किल मॅपिंगला शून्य, शून्य देता येत नसेल तर माझ्याकडून तो चौकोन रिकामा समजा.

इन्स्टिट्यूटमधल्या मुलाला ही सगळी नोंद आधी पाठवली होती, न सांगता छापली असं व्हायला नको. तो म्हणाला, “ताई, पहिला भाग छान आहे. तेवढाच टाकता का? आणि वॉर्डातला युनिफॉर्ममधला एखादा फोटो.”

जाणारच असाल तर संध्याकाळची बॅच घ्या, सकाळची दुसऱ्या कुणाकडे असते. मॅडम मे महिन्यात मुलीकडे नाशिकला जातात, तेव्हा एप्रिलला सुरू होणारी बॅच घेऊ नका. आणि तिघींपैकी जी अडतीस खाटा बघते तिने मला आज रात्री फोन कर, तुझ्या कॉलेजचे क्लार्क माझ्या ओळखीचे आहेत, तासांचा नमुना मी पाठवते.